पळून गेली ती मधली, थोरली परत आली : थिबा राजाच्या मुलीबद्दल

बकुळगंध (धागा काढणारी)

परवा आमच्या सोसायटीत कोजागिरी झाली. कोपरी, ठाणे पूर्व. ढग असल्यामुळे चंद्राने दर्शन दिलं नाही, मसाला दुधात केशराऐवजी रंगच जास्त होता, ते असो. तिसऱ्या मजल्यावरचे काका नुकतेच रत्नागिरीला जाऊन आले होते. भेळेची डिश हातात धरून ते सांगत होते, "ब्रह्मदेशचा थिबा राजा माहीत आहे ना? त्याची थोरली मुलगी शिपायाबरोबर पळून गेली. बापाने हाय खाल्ली नि गेला. आणि तिची पोर शेवटी शेण थापत बसली." सगळ्यांनी च्च् च्च् केलं आणि भेळेत शेव कमी आहे का यावर चर्चा सुरू झाली.

माझं आजोळ रत्नागिरी. मी तिथे तोंड उघडलं नाही, कारण काका वयाने मोठे आणि मी कालची भाडेकरू. पण दोन रात्री ते डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहिते.

तर पहिली गोष्ट. थोरली पळून गेली नव्हती. पळून गेली ती मधली. थोरली उलट परत आली. आणि माझ्या मते तिच्या आयुष्यातली तीच एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नेमकी तीच सगळेजण गाळतात.

आता मुळापासून. थिबा कोनबाउंग घराण्याचा शेवटचा राजा. १८७८ मध्ये मंडालेच्या गादीवर आला, १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी पंधरा दिवसांत युद्ध आटोपून त्याला उचलला. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. बरोबर दोन राण्या : पट्टराणी सुपयालत आणि तिची धाकटी सख्खी बहीण सुपयागले. आणि तीन मुली. सुपयालत मंडालेहून निघाली तेव्हा पोटुशी होती, तिसरी मुलगी वाटेत मद्रासला झाली. चौथी १८८७ मध्ये रत्नागिरीत.

थोरलीचा जन्म १८८० चा. म्हणजे रत्नागिरीत उतरली तेव्हा पाच वर्षांची. पहिलीत घालायच्या वयाची पोर. तिला मंडाले किती आठवत असेल ते तुम्हीच बघा. मला माझ्या पाचव्या वर्षातलं फक्त एक पडलेलं आईस्क्रीम आठवतं.

दिवसेंदिवस रत्नागिरीतल्या बंगल्यात चार मुली वाढत होत्या. बाहेर जायला परवानगी, कुणाला भेटायला परवानगी, प्रत्येक गोष्ट सरकारी अधिकाऱ्याला विचारून. लग्नाचं वय आलं आणि गेलं. ब्रह्मी राजघराण्यात लग्नं घरातल्या घरात व्हायची. थिबा आणि सुपयालत स्वतः सावत्र भावंडं, दोघांचा बाप मिंडोन राजा. आता रत्नागिरीत राजरक्ताचा नवरा आणायचा कुठून? जी नावं सुचवली गेली ती थिबाला पसंत पडली नाहीत. वर्षं गेली.

१९०६ मध्ये थोरलीला मुलगी झाली. बाप गोपाळ भाऊराव सावंत, राजाच्या पदरचा दरवान. आधीच लग्न झालेला. मुलीचं नाव टूटू. घरात काय आकांत झाला असेल तो झाला असेल, पण मुलीला टाकली नाही, की नातीलाही. १९१० मध्ये सगळे नव्या राजवाड्यात राहायला गेले तेव्हा टूटू चार वर्षांची होती.

बाकीचं उद्या लिहिते, कुकर लावायचाय.

---

खोपट_डेपो

ताई, कुकरच्या शिट्ट्या मोजून झाल्या असतील तर पुढचं येऊ द्या. आमच्या गावाला अजून "थिबाचा वाडा" म्हणतात, पॅलेस वगैरे नाही. लहानपणी रातराणीने पहाटे रत्नागिरी स्टँडला उतरलं की बाबा दाखवायचे, त्या बाजूला राजा राहायचा. मला वाटायचं शिवाजी महाराजांच्या वेळचा कुणीतरी.

---

जांभा

मी रत्नागिरीचाच, गेली बावीस वर्षं घोडबंदर रोडला. पेशाने सिव्हिल इंजिनिअर, त्यामुळे वाड्याबद्दल चार शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही.

वाडा १९०६ ते १९१० मध्ये बांधला. तीन मजली, जांभ्याचा. लाकूड ब्रह्मी साग. वर अर्धगोल खिडक्या, त्यात रंगीत काचा. दुपारी चारनंतर पश्चिमेच्या अंगाला उन्हं आली की त्या काचांतून लाल-हिरवे तुकडे आत जमिनीवर पडतात आणि हळूहळू सरकत जातात. शाळेच्या सहलीत आम्ही त्या तुकड्यांवर पाय ठेवायचा खेळ खेळायचो. बाईंनी फटके दिले होते.

सागाची गंमत अशी. ज्या सागावरून राज्य गेलं तोच साग घराला लावून दिला. युद्धाचं निमित्त होती मुंबईची एक कंपनी, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. ब्रह्मदेशातल्या जंगलांतून साग काढायची. पैसे न भरता जास्त ओंडके नेले म्हणून मंडालेच्या दरबाराने तिला २३ लाखांचा दंड ठोकला. इंग्रज तसेही टपलेलेच होते, थिबाने फ्रान्सशी सलगी चालवली होती. निमित्त मिळालं.

आणि वाड्यात राजा राहिला किती वर्षं? जेमतेम सहा. डिसेंबर १९१६ मध्ये गेला. सत्तावन्न वर्षांचा होता.

---

अळणी

गोष्ट छान आहे पण डोळे पुसण्याआधी एक आठवण. याच थिबाच्या आणि सुपयालतच्या कारकिर्दीत, १८७९ मध्ये, राजघराण्यातले सत्तर-ऐंशी नातेवाईक मारले गेले. भाऊ, बहिणी, लहान मुलं. गादीला कुणी दावेदार उरू नये म्हणून. मग रत्नागिरीत मुलींना घराण्यातला नवरा मिळेना याचं नवल काय? नवरे कुणी संपवले?

---

बकुळगंध

अळणी, तुमचा मुद्दा बोचरा आहे आणि खरा आहे. फक्त तेव्हा थोरली जन्मालाही आली नव्हती. आईबापांनी केलं ते तिने फेडलं असं म्हणायचं असेल तर म्हणा. मी तिची बाजू घेते, तिच्या आईची नाही.

आता पुढचं.

नावांपासून सुरू करते, कारण वंशावळ काढायला बसलं की पहिला घोळ तिथेच होतो. ब्रह्मी लोकांत आडनाव नसतं. आणि राजकन्यांची आपण जी नावं म्हणून वाचतो ती नावं कमी आणि घरातली हाक जास्त. थोरली म्यात फया जी, दुसरी म्यात फया लात, तिसरी नुसती म्यात फया, चौथी म्यात फया गले. जी म्हणजे मोठी, लात म्हणजे मधली, गले म्हणजे धाकटी. आपल्याकडे थोरली, मधली, धाकटी म्हणतात तसंच. तिसरीच्या वाट्याला विशेषणही आलं नाही बिचारीच्या. राणी सुपयालत ही पण तिच्या बहिणींतली "मधली"च. तिची थोरली सुपयाजी, धाकटी सुपयागले. एवढी दरारा असलेली राणी, आणि इतिहासात नाव काय, तर मधली.

तर पळून जाण्याबद्दल. १९१६ च्या अखेरीला मधल्या राजकन्येने घर सोडलं आणि कलेक्टरच्या घरी आसरा घेतला. तिचं मन राजाच्या पदरी असलेल्या एका ब्रह्मी तरुणावर होतं, खिन माउंग जी त्याचं नाव. बापाला तो मान्य नव्हता. तिला आणायला मोटार पाठवली, ती रिकामी परत आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत थिबा हृदयविकाराने गेला. पुढे मधलीने खिन माउंग जीशीच लग्न केलं. दोघं आधी कलकत्त्याला, मग कालिंपाँगला जाऊन राहिली आणि १९५६ मध्ये ती तिथेच वारली. म्हणजे काकांच्या गोष्टीतलं "पळून गेली" आणि "बापाने हाय खाल्ली" हे दोन्ही मधलीचं. थोरलीच्या मुलीला तोवर दहावं वर्ष लागलं होतं, तिच्यावरून हाय खायची असती तर राजाने ती कधीच खाल्ली असती.

राजा गेला तरी सुटका नाही. शवपेटी पुरायला कुटुंब तयार नव्हतं. सुपयागले १९१२ मध्येच गेली होती, तिचीही तशीच ठेवलेली. मायदेशी नेऊ, ही आशा. सरकारने परवानगी दिली नाही आणि १९१९ मध्ये दोघांनाही रत्नागिरीतच पुरलं. त्यानंतर त्याच वर्षी सुपयालत आणि मुलींना ब्रह्मदेशात परत जाऊ दिलं. मंडालेला नाही हं, रंगूनला.

थोरलीही गेली. बरोबर तेरा वर्षांची टूटू.

आणि मग थोरली परत आली. टूटूला घेऊन, रत्नागिरीला, गोपाळकडे.

हे जरा नीट बघा. तेहेतीस वर्षं सगळं घराणं ज्या एका गोष्टीसाठी अर्ज करत होतं, ती मिळाली. आई तिथे, बहिणी तिथे, भाषा तिथे. लोक तिला पाहून रस्त्यात गुडघे टेकतील असा तो देश. आणि ही बाई म्हणते, मला कोकणात जायचंय.

तिचं आयुष्य सहासष्ट वर्षांचं. त्यातली पाच मंडालेची. साठ रत्नागिरीची. मग परकी कुठे होती ती?

---

पनवेल_पूर्व

वाचून अंगावर काटा आला. पण ताई, एक विचारू का? ती प्रेमाखातर परत आली असं आपण ठरवून टाकतोय. रंगूनला तिच्या मुलीकडे लोक कसे बघत असतील? दरवानाची पोर, हिंदुस्तानी बापाची. कदाचित ती मुलीसाठी परत आली असेल. मी स्वतः लग्न मोडल्यावर माहेरी न जाता पनवेललाच राहिले, ते इथे कुणी मला ओळखत नव्हतं म्हणून. लोक म्हणाले काय धीराची आहे. धीर कसला, माहेरच्या गल्लीतून मुलाला शाळेत नेताना लागणाऱ्या नजरा नको होत्या.

---

बकुळगंध

पनवेल_पूर्व, तुमचं वाचून माझं लिहिलेलं मलाच थोडं फिल्मी वाटायला लागलं. बरोबर आहे तुमचं. कशासाठी आली ते तिचं तिला ठाऊक. आली एवढं पक्कं.

---

ऐरोलीकर_काका

उगाच गोपाळला नायक करू नका. त्याचा संसार होता. राजकन्येला सरकारी पेन्शन होतं, आणि त्या पेन्शनीवर कुणाचा संसार चालला हे रत्नागिरीत जुन्या लोकांना विचारा. १९४७ च्या ३ जूनला ती गेली. स्वातंत्र्याला अडीच महिने राहिले होते. ब्रह्मदेश स्वतंत्र झाला ४ जानेवारी १९४८ ला, म्हणजे ती गेल्यावर सात महिन्यांनी. ज्यांनी तिच्या बापाचं राज्य घेतलं त्यांनी दोन्ही देशांतून गाशा गुंडाळला, ती तेवढ्यासाठी थांबली नाही. तिच्याबरोबर पेन्शनही संपलं. मुलीच्या हातात काय राहिलं? शून्य.

माझा मुद्दा एवढाच की टूटू शेण थापायची हे जे आपण "नशिबाचा खेळ" म्हणून सांगतो, त्यात नशीब कमी आणि माणसांचे हिशेब जास्त.

---

खोपट_डेपो

काका फॉर्मात आहेत आज.

---

सानपाड्याची_आजी

नातू टाइप करून देतो आहे, मी सांगते आहे. मी रत्नागिरीजवळच्या गावची, वय वर्षे एकोणऐंशी.

तुम्ही सगळे शेण थापणं, शेण थापणं असं म्हणता ते मला काही आवडलं नाही. जसं काही ती भीक मागत होती. अरे, आम्ही सगळ्यांनी शेणी थापल्या आहेत. गॅस होता का तेव्हा? आमच्याकडे गोवऱ्या नाही म्हणत, शेणी म्हणतात. शेणात भाताचा तूस मिसळायचा, पाणी बेताचं, पायाने नाहीतर हाताने मळायचं. गोळा घ्यायचा, कातळावर आपटायचा आणि तळव्याने दाबायचा. पाच बोटं उमटतात. उन्हात वाळली की कडेने आपोआप सुटते आणि बोटं तशीच राहतात. कुणाची शेणी कुठली ते आम्ही हातावरून ओळखायचो. माझ्या सासूबाईंचा अंगठा वाकडा होता, त्यांच्या शेणीवर वाकडा अंगठा. त्या गेल्यावर पावसाळाभर त्यांच्याच शेणी चुलीत घालत होते. एक घालवत नव्हती. मग तीही घातली, काय करणार, भात शिजवायचा होता.

राजाच्या नातीने शेणी थापल्या तर तिचेही हात आमच्यासारखेच उमटले असतील. त्यात च्च् च्च् करण्यासारखं काय आहे?

---

जांभा

आजी, दंडवत.

टूटूबद्दल थोडं. तिचं लग्न शंकर पवार यांच्याशी झालं, मोठा संसार झाला. ब्रह्मी भाषा तिला येत नव्हती, बोलणं सगळं मराठी, आपल्याकडचं. लोक बाईसू म्हणायचे. २००० मध्ये गेली, नव्वदी पार करून. कोकण रेल्वे सुरू होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ज्या गावाला पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की जगाशी संबंध तुटायचा, आणि म्हणूनच जे गाव राजाला कोंडायला सोयीचं वाटलं, त्या गावात आता ठाण्याहून सकाळी गाडीत बसलं की दुपारच्या जेवणाला पोचता येतं. टूटूने दोन्ही बघितलं.

तिच्या मुलानातवंडांबद्दल मी लिहिणार नाही. ती माणसं आपापल्या कामाधंद्यात आहेत. पत्रकार येतात, फोटो काढतात, "राजाचा पणतू रिक्षा चालवतो" छाप मथळे देतात आणि जातात. आपण तरी त्यांना सोडूया.

---

बकुळगंध

जांभा, शंभर टक्के. या धाग्यावर हयात माणसांची नावं नकोत, सगळ्यांना विनंती.

आता वंशावळीचं सांगते. माझी भाची सहावीत आहे, ठाण्यातच. तिला शाळेत "माझी वंशावळ" असा प्रकल्प मिळाला. आमची वंशावळ तिने पंधरा मिनिटांत संपवली, कारण पणजोबांच्या वर कुणाला काही माहीत नाही. मग माझ्याकडे आली, मी हा धागा लिहीत होते, तर म्हणाली मावशी, या राजाची काढूया. डायनिंग टेबलावर ड्रॉइंगचा मोठा कागद पसरला. वर अलाउंगपया, १७५२, घराण्याचा मूळ पुरुष. मग खाली येत येत मिंडोन, त्याने १८५७ मध्ये मंडाले वसवलं. मग थिबा, अकरावा आणि शेवटचा. इथपर्यंत एका रेषेत, पट्टी लावून.

थिबाच्या खाली चार फाटे आले. चारही मुली. आणि तिथे भाचीने पेन्सिल थांबवली. तिच्या शाळेच्या नमुन्यात मुलींच्या चौकटीखाली रेघच नव्हती. मुलीचं नाव लिहायचं, पुढे काही नाही. "मग यांचं इथेच संपलं का?" म्हणाली.

नाही संपलं. मधलीला स्वतःचं मूल झालं नाही. तिसरीला एक मुलगी झाली. धाकटीची वंशवेल मोठी, आणि तिची गोष्ट वेगळ्या धाग्याची. रत्नागिरीत जन्मलेली ही पोर सगळ्यांत धीट निघाली. इंग्रजी उत्तम. रंगूनला गेल्यावर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने सरकारकडे लेखी मागणी केली : आमचं राज्य द्या, आमची माणकं द्या. न्गा मौक नावाचं राजघराण्याचं प्रसिद्ध माणिक होतं. मंडाले पडलं त्या दिवशी ते इंग्रज अधिकारी कर्नल स्लेडनच्या हाती गेलं, असं कुटुंबाचं अखेरपर्यंत म्हणणं होतं. सरकारने काय केलं, तर तिला रंगूनपासून लांब मौलमीनला धाडलं. १९३६ मध्ये तिथेच वारली, पन्नाशीही गाठली नाही. तिच्या एका मुलाचा १९४८ मध्ये खून झाला. दुसरा, तॉ फया, २०१९ पर्यंत होता. त्याचं लग्न तिसरीच्या मुलीशी, म्हणजे सख्ख्या मावसबहिणीशी झालं. म्हणजे इतकं सगळं होऊनही घराण्यातलं लग्न घराण्यात ही रीत एक पिढी टिकलीच.

हे सगळं काढताना कागदाची उजवी बाजू भरून गेली. डावीकडे, थोरलीच्या खाली, एकच चौकट : टूटू. आणि त्याखाली मी भाचीला बाण काढून "रत्नागिरी" एवढंच लिहायला सांगितलं.

---

अळणी

वाद घालायची खाज आहे म्हणून विचारतो. थोरलीची मुलगी म्हणजे थोरली पाती. मग गादीवर पहिला हक्क रत्नागिरीचा की काय?

---

ऐरोलीकर_काका

अहो अळणी, तिकडे थोरल्याने गादीवर बसायचा नियम कधी होता? मिंडोनला डझनावारी मुलगे होते. थिबा काही थोरला नव्हता आणि लाडकाही नव्हता. राणी आणि मंत्र्यांनी सोयीचा म्हणून निवडला, आपल्या मुठीत राहील असं वाटून. सुपयालतची आई त्या कटाची सूत्रधार. ज्या घराण्याचा शेवटचा राजाच असा निवडला गेला त्याच्या वारशाचे हक्क आपण ठाण्यात बसून काय ठरवणार? आणि आता तर तिथे राजा नाही, गादी नाही. इंग्रजांनी टूटूला राजघराण्यात धरलंच नाही. लग्न मान्य नाही म्हणे. पण रक्त तर तेच ना?

---

सानपाड्याची_आजी

रक्ताचं काय घेऊन बसलात. सांभाळलं कुणी ते बघा.

---

जांभा

आजी परत एका वाक्यात मोकळ्या.

एक राहिलंच. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन थिबाच्या समाधीवर नमस्कार करून गेले. २०१६ मध्ये राजाच्या निधनाला शंभर वर्षं झाली तेव्हा तिकडून राजघराण्यातले वंशज आले होते, भिक्खू आले होते, मंत्रपठण झालं. मी तेव्हा सुट्टी टाकून गेलो होतो, पण बंदोबस्तामुळे लांबूनच बघितलं. काळ्या दगडाची ती समाधी, एरवी आसपास गवत माजलेलं असतं आणि पोरं क्रिकेट खेळतात, त्या दिवशी फुलांनी झाकली होती. बाजूला एक रत्नागिरीची बाई कडेवर मूल घेऊन उभी होती, ती दुसरीला म्हणाली, "आपल्या राजाचं वर्षश्राद्ध गो."

आपल्या राजाचं. मला हसूही आलं आणि गंमतही वाटली. दिल्लीचा बहादूरशाह जफर रंगूनला नेऊन ठेवलेला, तिथेच १८६२ मध्ये गेला. मंडालेचा थिबा इकडे. इंग्रजांनी राजांची अदलाबदल केली. आणि लोकांनी ज्याला जो मिळाला तो आपला म्हटला.

---

तिसरा_मजला

नमस्कार. आज सकाळीच खातं उघडलं. मीच तो भेळवाला काका.

आमच्या सूनबाईंनी धागा दाखवला. वाचला, दोनदा वाचला. चूक झाली, मान्य. मी मधलीची गोष्ट थोरलीच्या गळ्यात घातली. मला ज्याने सांगितली त्यानेही तशीच सांगितली होती, पण ते कारण झालं. बकुळगंध, तुम्ही तिथेच बोलला असतात तरी चाललं असतं. मी वयाने मोठा आहे, पण इतकाही तापट नाही. शेव खरंच कमी होती.

आता मला एक विचारायचं आहे. तुमच्या भाचीने कागद काढला, त्यात मुलींच्या खालीही रेघा काढल्या, उत्तम केलं. पण गोपाळची पहिली बायको त्या कागदावर कुठे आहे? तुम्ही सगळे पाच दिवस थोरलीला न्याय देताय. ऐरोलीकर म्हणाले त्याचा संसार होता. संसार म्हणजे कोण? एक बाई. तिच्या दारात १९२० च्या सुमारास ब्रह्मदेशची राजकन्या चौदा वर्षांची मुलगी घेऊन परत आली. तुम्हाला ते परत येणं फार आवडलं. तिला किती आवडलं असेल?

मी रागाने विचारत नाही. माझी आत्या अशीच होती, दुसरी आल्यावर माजघरात सरकलेली. तिच्या हातची नाचणीची आंबील मी अजून विसरलो नाही. आमच्या घरच्या वंशावळीत ती नाही.

---

पनवेल_पूर्व

काका...

---

बकुळगंध

काका, मला हे सुचलंच नव्हतं. इतके दिवस लिहितेय आणि एकदाही नाही. थोरली परत आली, परत आली असं मी म्हणत राहिले, पण कुणाच्या घरात ते बघितलंच नाही.

आत्ता भाचीला फोन केला. कागद शाळेत देऊन झाला नव्हता. डावीकडे गोपाळच्या शेजारी जागा नव्हती, कडेला आमच्या लाइटच्या बिलाचा मागचा कोरा तुकडा खळीने चिकटवला आणि तिने त्यावर चौकट काढली. विचारत होती की रेघ कुठे जोडू. मी म्हटलं गोपाळला. ती म्हणाली आणि थोरलीला? दोघी एकाच घरातल्या ना?

तिने तुटक रेघ काढली आहे. बाईंनी विचारलं तर काय सांगायचं ते तिचं तिने ठरवलंय म्हणे, मला सांगत नाही.

---

सानपाड्याची_आजी

पोरगी हुशार आहे. तिला माझा आशीर्वाद सांग. आणि भेळेवाल्या काकांना सांग, आंबील मी अजून करते. सानपाड्याला आलात तर या.

---

खोपट_डेपो

डिसेंबरात रत्नागिरीला कोण कोण येतंय? ठाण्याहून मांडवीचं आरक्षण अजून मिळतंय, चार जणांचं मी काढतो. जांभासाहेब, त्या रंगीत काचांचे तुकडे किती वाजता पडतात म्हणालात?

---

जांभा

चारनंतर. साडेचारला सगळ्यात चांगले. पाय ठेवायचा खेळ खेळायचा असेल तर चपला बाहेर काढून या.